स्नातकांचा निरोप


अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीदानापूर्वी स्नातकांसाठी प्रार्थनासभा भरते. तेथील नोंदींतले सर्वांत जुने प्रवचन १७६० सालचे. तत्कालीन अध्यक्ष सॅम्युएल डेव्हिस यांनी धर्म आणि लोकहितबुद्धी या विषयावर केलेले. एके काळी केवळ ख्रिस्ती असलेल्या या उपासनेत आज अनेक धर्मपरंपरांतील वचने वाचली जातात. आपल्या तैत्तिरीय उपनिषदातील आचार्यही अध्ययन पूर्ण केलेल्या शिष्याला निरोप देताना आचरणाची जबाबदारी सांगतात. परंतु दुसऱ्याची प्रार्थना शेजारी बसून आदराने ऐकण्याचा पाठ आमच्या पदवीदानात कोठे आहे? आपल्या वाचनालयाने दरवर्षी नव्या पदवीधरांसाठी अशी एक सायंकाळ योजावी. नाना धर्मांचे ग्रंथ कपाटांत आहेतच. ते सर्वांनी एकत्र बसून ऐकावेत, एवढीच विनंती.