परसबाग आणि मनाचे आरोग्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, याची नोंद आपल्या अहवालात असते. परंतु मनाने खचलेला माणूस औषध घेऊन घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कशासाठी उठतो, याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. आज मी त्या सकाळीविषयी बोलणार आहे.

वाशिम जिल्ह्याला हे दुःख परके नाही. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू शेतीत पावसाने दगा दिला की वर्षाचे गणित कोलमडते. मग झोप उडते, अन्नावरची वासना जाते, चारचौघांत जाणे नकोसे होते. नैराश्य हा आजार आहे. तो दुबळेपणा नव्हे.

या आजाराचा एक घातक फेरा असतो. मन खिन्न म्हणून माणूस काम सोडतो, काम सुटले म्हणून एकटा पडतो आणि एकटेपणाने खिन्नता वाढते. हा फेरा कृतीच्या बाजूनेही तोडता येतो. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी छोटी, आनंद देणारी कामे पुन्हा हाती घेण्यास मदत केली. तीन महिन्यांनंतर त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

मातीतून माणूस उभा राहतो, हे विदर्भाने त्याआधीच पाहिले आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे वरोऱ्याजवळच्या खडकाळ, पडीक जमिनीवर सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन उभारण्यास प्रारंभ केला. त्यांनी विहीर खोदली, भाजीपाला व धान्य पिकवले. समाजाने टाकलेल्या हातांनी पिकवलेले अन्न इतरांच्या ताटात गेले, तेव्हा त्या हातांना प्रतिष्ठा परत मिळाली. तिथला आजार वेगळा होता. टाकले गेल्याची वेदना मात्र हीच होती.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, ‘ज्याला शेतीनेच खचवले, त्याला पुन्हा मातीतच काय पाठवता?’ हा आक्षेप रास्त आहे. शेतावर कर्जाचा बोजा असतो, बाजारभावाची धास्ती असते, सोयरेधायऱ्यांची नजर असते. परसबागेवर यांतले काहीच नसते. मेथीचा एक वाफा वाया गेला तर कोणाचे घर बुडत नाही. महिनाभरात दुसरा वाफा हिरवा होतो. हरण्याची भीती नसलेले काम, हेच तिचे औषधी मूल्य होय.

दुसरे मूल्य सोबतीचे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे २९१ प्रौढांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सामुदायिक बागेत काम करणाऱ्यांचा मानसिक ताण व चिंता, प्रतीक्षा यादीतील व्यक्तींच्या तुलनेत अधिक कमी झाल्याचे आढळले. तेथील शहरी बाग आणि आपले वऱ्हाड यांत अंतर आहे; पण ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारे कोणी असणे दोन्हीकडे सारखेच मोलाचे.

म्हणून रुग्णालयाच्या मागील मोकळी जागा सामुदायिक परसबागेसाठी द्यावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. त्या जागेवर वाहनतळ करण्याचाही प्रस्ताव आहे, याची मला जाणीव आहे. पालक, अंबाडी, सांभार, चवळी आणि कुंपणाला दोडक्याचे वेल एवढ्याने आरंभ करता येईल. रुग्ण, त्यांची सेवा करून थकलेले नातेवाईक आणि गावकरी एकत्र काम करतील. पीक वाटून घेतील. काही नियम मात्र कटाक्षाने पाळावे लागतील. कोणावर सक्ती नसावी. काही मनोविकारांवरील औषधांमुळे उन्हाचा त्रास अधिक होतो, म्हणून काम सकाळी वा सायंकाळी व्हावे आणि पिण्याचे पाणी जवळ असावे. किडीसाठी निंबोळी अर्क वापरावा. विषारी कीटकनाशकाची बाटली या आवारात येऊ नये. आपल्या भागात हा नियम जीव वाचवणारा आहे.

रुग्णांच्या आप्तांना एक नम्र सूचना. बाग हा उपचारांना पर्याय नाही, जोड आहे. वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळ्या थांबवू नयेत. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये; त्याला एकटे सोडू नये आणि तत्काळ डॉक्टरांकडे आणावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

देणगीदारांकडे मी मोठी वास्तू मागत नाही. कुंपण, पाण्याची टाकी, काही खुरपी, विळे आणि एका समुपदेशकाचे मानधन एवढीच मागणी आहे. वाहनाला जागा दुसरीकडे मिळू शकेल. खचलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्यासाठी आपल्या आवारात हीच एक जागा आहे. पुढील अहवालाच्या कोणत्या तक्त्यात ती मांडावी, हे मला सांगता येणार नाही. पण सकाळी उठून वाफ्याला पाणी घालायला निघालेला माणूस आपणा सर्वांना दिसेल.