पाय न टेकण्याचा खर्च



बुलेट म्हटली की आपल्याला आधी तिचा आवाज आठवतो. रस्त्याच्या मधोमध, कुणाला घाईने वाट न देणारी गाडी, आणि वर बसलेला माणूसही बहुधा वजनदार. पण ह्याच बुलेटने एकेकाळी स्कॉटलंडच्या डोंगरात अगदी निराळं काम केलं आहे. १९५२ साली आणि पुन्हा १९५७ साली जॉनी ब्रिटन या स्वाराने रॉयल एनफिल्डवरून ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. या दोन विजयांच्या मधे, १९५५ साली, मद्रासला एनफिल्डची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि बुलेट आपली झाली. ती स्पर्धा मात्र आपल्याकडे आली नाही. २०१९ मध्ये कंपनीने ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी इथे काढली, तेव्हा हे ‘ट्रायल्स’ काय आहे असा प्रश्न अनेकांना पडला असेल.

ट्रायल ही शर्यत नव्हे. सर्वसाधारण ट्रायलमध्ये वेगाला किंमत नसते. ओढ्यातले गुळगुळीत दगड, चिखलाची चढण, झाडांची मुळं अशी एक अवघड वाट फीत लावून आखतात. तिला सेक्शन म्हणतात. त्या वाटेतून पाय न टेकता जायचं. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. हे गुण दंडाचे, म्हणून ज्याचे सर्वांत कमी तो जिंकला. आजच्या ट्रायल गाडीला बसायला सीटच नसते. वजन सत्तर किलोच्या आसपास, पेट्रोलची टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची. स्वार सगळा वेळ उभा.

आणि प्रत्येक सेक्शनपाशी आणखी एक माणूस उभा असतो. त्याला इंग्रजीत ऑब्झर्व्हर म्हणतात, आपण पंच म्हणू. पाय टेकला की नाही ते त्याने बघायचं आणि कार्डावर खूण करायची. आज मला बोलायचं आहे ते या खेळाच्या जमाखर्चाबद्दल, आणि त्यात हा माणूस कुठे बसतो याबद्दल. कवीने हिशेबावर बोलावं हे काहींना विचित्र वाटेल. पण ज्याने एकदा तरी मुशायरा किंवा कविसंमेलन भरवलं आहे, त्याला मंडपवाल्याचं बिल आणि चहाचे पैसे कवितेपेक्षा जास्त दिवस पाठ राहतात.

आधी प्रायोजकांचं बघू. पन्नाशीच्या दशकात या खेळाचे प्रायोजक म्हणजे गाड्यांचे कारखानेच होते. बीएसए, एरियल, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड या कंपन्या स्वार पदरी ठेवत, गाडी देत, सुटे भाग देत आणि विजयाची जाहिरात करत. डोंगर चढणारी गाडी गिऱ्हाइकाला गावच्या रस्त्यावर दगा देणार नाही, असा तो साधा मुद्दा. मग १९६४ च्या अखेरीस एरियलचा मोठा स्वार सॅमी मिलर स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला. नवी हलकी गाडी घडवायला त्याने मदत केली आणि १९६५ ची स्कॉटिश ट्रायल तिच्यावर जिंकली. पुढे ब्रिटिश कारखाने एकेक करून बंद पडले, काही वर्षांनी बुल्टाकोही बंद पडली. आज ह्या गाड्या मुख्यतः स्पेन आणि इटलीच्या मोजक्या कंपन्या बनवतात. ट्रायलची गाडी आता रस्त्यावरच्या गाडीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे तिच्या विजयाने रस्त्यावरची गाडी खपत नाही. कारखान्याने पैसा ओतावा असं जे कारण होतं, तेच गेलं.

वर शिखरावर पैसा आहे. स्पेनचा टोनी बू २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी मैदानी आणि सभागृहातलं अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकला, म्हणजे छत्तीस. त्याच्यामागे होंडा, आणि बरीच वर्षं रेप्सोल ही तेल कंपनी. इंग्लंडच्या डगी लॅम्पकिनच्या नावावर बारा जागतिक विजेतेपदं आहेत. त्याच्या हेल्मेटवर रेड बुल या पेयाचं नाव. याच लॅम्पकिनने २०१६ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरचा सदतीस मैलांहून लांब रस्ता केवळ मागच्या चाकावर पुरा केला. जगभर त्याची चित्रफीत पाहिली गेली. कौतुक करावं असंच ते आहे. पण त्यात ट्रायल कुठे होती? प्रायोजकाला लोक बघतील अशी गोष्ट हवी असते आणि चिखलात तासाला चार-पाच किलोमीटर वेगाने चाललेली गाडी बघायला कुणी येत नाही.

खाली, रविवारच्या क्लब ट्रायलमध्ये, ‘स्पॉन्सर’ हा शब्द चालतो, पण त्याचा अर्थ बहुधा दुकानदार टायरवर सूट देतो इतकाच. बाकी सगळा खिशातला खर्च. नवी गाडी सहा ते नऊ हजार पौंडांची, म्हणजे आपले सात-दहा लाख. ती वाहून न्यायला व्हॅन. मागचा टायर शंभर पौंडांच्या वर. या टायरच्या गुट्ट्यांच्या कडा धारदार असल्या तरच तो ओल्या दगडाला धरतो. कडा बोथट झाल्या की जुने खेळाडू टायर काढून उलटा बसवतात, म्हणजे दुसरी बाजू कामाला येते. आपल्याकडे सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवत असत, तसंच हे. पेट्रोलचा खर्च त्यामानाने नगण्य. स्वार लहान असेल तर हे सारं आईवडिलांच्या माथी, शिवाय मूल वाढेल तशी गाडी बदलायची.

तेव्हा हा गरिबांचा खेळ आहे असं मी म्हणणार नाही. मात्र गाडी घेतल्यावर स्पर्धेत उतरणं स्वस्त आहे. क्लब ट्रायलची प्रवेश फी वीस पौंडांच्या आसपास. स्कॉटिश सहा दिवसांची फी काही शे पौंड आहे, आणि तरी अर्ज इतके येतात की चिठ्ठ्या टाकून नावं काढावी लागतात. त्या फीतून विमा, परवाना, जमीनमालकाचं भाडं, प्रथमोपचार असं सगळं भागवायचं. जमीन मिळणं दिवसेंदिवस कठीण होत आहे. इंग्लंडमध्ये खास परवानगीशिवाय एखाद्या जमिनीवर वर्षातून मोजकेच दिवस मोटरस्पर्धा घेता येतात. २००१ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा तर स्कॉटिश ट्रायलच रद्द झाली.

वीस पौंडांत हे जमतं कसं? मी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहिला. समजा, ऐंशी स्वार आले. जमा सोळाशे पौंड. सेक्शन दहा, प्रत्येकावर एक पंच, सहा तास उभा. एकूण साठ तास. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून प्रौढ कामगाराचं किमान वेतन तासाला बारा पौंड एकवीस पेन्स ठरलं. त्या दराने पंचांची मजुरी सातशे तेहेतीस पौंड होते, म्हणजे जमेच्या जवळजवळ निम्म्याला पोहोचते. पण क्लबच्या वहीत ही रक्कम नसते, कारण पंच फुकट उभे असतात. कुणाचा मुलगा खेळतो, कुणी स्वतः चाळीस वर्षं खेळून गुडघे गमावून बसला आहे. डबा आणि आभार एवढीच बिदागी. आमच्या मुशायऱ्यातही सतरंज्या कुणी घातल्या ते वहीत नसतं.

कुणी म्हणेल, मग फी एकोणतीस पौंड करा आणि पंचांना पैसे द्या. टायरला शंभर पौंड मोजणाऱ्याला नऊ पौंड जड नाहीत. मला ते इतकं सोपं वाटत नाही. थंडी-पावसात सहा तास उभं राहायला रोजावर माणूस मिळेलही, पण स्वाराचा पाय दगडाला नुसता घासला की टेकला, हे त्याला कळायला हवं. शिवाय आज स्वार पंचाशी हुज्जत घालत नाही, कारण आपण त्याच्या उपकारात आहोत हे त्याला ठाऊक असतं. रोजंदारीवरच्या माणसाला तो मान कोण देईल? आणि रोज घेणाऱ्याच्या शेजारी फुकट उभा राहणारा पुढच्या खेपेला येईल का?

पंच मिळत नाहीत ही तक्रार आता अनेक क्लबांची आहे. जुने थकले, नव्यांना खेळायचं असतं. काही क्लब पंचाला पुढच्या स्पर्धेची फी माफ करतात. काही ठिकाणी पंचच ठेवत नाहीत. चार-पाच स्वार एकत्र निघतात. एक जण सेक्शनमध्ये शिरतो, बाकीचे त्याच्या पायाकडे बघतात आणि खरे गुण त्याच्या कार्डावर टोचतात. मग कार्ड पुढच्याच्या हातात जातं आणि आता बघण्याची पाळी पहिल्याची असते.