लक्ष नाही, की ऐकू येत नाही?



"मूल हुशार आहे हो, पण वर्गात लक्षच नसतं त्याचं." पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की अशा मुलाला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते, लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून सर्दीचा संसर्ग मुलांच्या कानात लवकर पोचतो. कधी पू होऊन पडद्याला भोक पडतं आणि कान वाहू लागतो. कधी मात्र पडद्यामागे नुसतं चिकट पाणी साचून राहतं. हा दुसरा प्रकार फार फसवा. ताप नाही, ठणका नाही, पू नाही. मोठ्यानं हाक मारली तर मूल ओ देतं. पण डोक्यावर पंखा घरघरत असतो, बाई फळ्याकडे तोंड करून शब्द सांगतात, आणि वहीत 'पाट'चं 'ताट' होतं. पुन्हा हे ऐकणं आज कमी, पुढच्या आठवड्यात बरं, असं वरखाली होत राहतं. मग घरचे म्हणतात, "याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!"

बऱ्याच मुलांचं हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जिरतं. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. मग पुन्हा तपासणी करा. पाणी तसंच असेल, तर छोट्याशा शस्त्रक्रियेनं ते काढता येतं.

वाहणाऱ्या कानाची गोष्ट वेगळी. आजी लसूण घालून तेल कोमट करते. ती मायेनंच करते, पण पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं. तेल नको, कानकोरणी नको, विहिरीत पोहणंही नको. स्रावाला घाण वास येत असेल तर एक दिवसही थांबू नका. आतला रोग हाड कुरतडत चेहऱ्याच्या नसेपर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

मुलांमधला सुमारे 60 टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोगा आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तो आपल्या पालघरहून. त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. त्यांच्या यादीत कान वाहणंही आहे आणि ऐकू न येणंही.

यंत्रावरची चाचणी सोपी असते. हेडफोन लावायचा, एकेका कानात बारीक आवाज सोडायचा, आवाज आला की मुलानं हात वर करायचा. पण शेजारी पोषण आहाराचं स्वयंपाकघर आणि कुकरच्या शिट्ट्या असतील, तर चांगलं ऐकणारं मूलही नापास होतं. शाळेतली सगळ्यात शांत खोली द्या, पंखा बंद करा. आणि मुलाला यंत्राकडे पाठ करून बसवा. मुलं चलाख असतात, तपासणाऱ्याचं बोट बटणावर गेलेलं पाहून हात वर करतात!

दोष सापडला की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, आणि इथेच घोडं अडतं. चिठ्ठी दप्तरात चुरगळते. मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? त्यातून कान दुखतही नाही. म्हणून वर्गशिक्षकांनी चिठ्ठी मिळालेल्या मुलांची नावं वहीत लिहून ठेवावीत आणि पंधरा दिवसांनी विचारावं, "दाखवलं का?" नसेल दाखवलं, तर पुन्हा विचारावं. कानाचे डॉक्टर रुग्णालयात कोणत्या वारी असतात, तेही पालकांना आधीच सांगावं. एक फेरी फुकट गेली, की त्या मुलाला घेऊन दुसऱ्यांदा सहसा कुणी येत नाही.