आधी उद्योग, मग अनुदान



क्रीम, शाम्पू बनविण्याचे कौशल्य आपल्या अनेक भगिनींच्या हाती आहे. उणीव भांडवलाची आहे. 2008 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उद्योगासाठी अनुसूचित जाती व महिलांना शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान ठरले. स्वतःचा वाटा केवळ 5 टक्के. मात्र अनुदान हातात पडत नाही. ते 3 वर्षे बँकेत राहते. उद्योग चालू दिसला, की कर्जात वळते होते. 

शिवाय अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा आणि त्यासाठी रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माणूस हवा. येथे आपल्या विद्यार्थ्यांनी पुढे यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.