सोळा चिपटी आणि एक पायली

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीहून बोलतोय. हा वाटाण्याचा मुलूख. फौजेत रेशन तोलून घ्यायचो, पण आमची आजी मापाने घ्यायची. १६ चिपटी म्हणजे १ पायली.

वाळका वाटाणा सपाट भरून पाहा. १६ चिपट्यांत दाणे पायलीपेक्षा थोडे कमीच भरतील. कारण दाण्यांच्या खाचेत दाणा बसतो. भिंतीला खाच नसते, म्हणून तिथे पोकळी वाढते. एरवी ढिगात ती साधारण ४० टक्के असते. भिंतीचा परिणाम चार-पाच दाण्यांपर्यंत पोचतो. रुंद भांड्यात तो जाणवत नाही, अरुंद भांड्यात जाणवतो.

चिपट्याने कोण घ्यायचं? ज्याच्या हातात पैसे कमी, तो. बुडायचाही तोच. मापारी प्रामाणिक असला तरी! म्हणून धान्य तोलूनच घ्या. जय हिंद!