गुरुजींची वही आता सर्वांची

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या शिक्षक-सन्मान समारंभातील भाषण)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरीही विश्वस्तांनी ‘शिक्षक आणि संगणक’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसल्यामुळे या दोन तालुक्यांतील शेकडो गुरुजी आणि बाई माझ्या परिचयाच्या झाल्या. गणवेशाच्या कापडाच्या निमित्ताने त्यांच्याशी बोलता बोलता जे पाहिले व ऐकले, त्याला थोड्या वाचनाची जोड देऊन आपणांपुढे ठेवतो.

शिक्षक म्हणजे सरकारने दिलेले पुस्तक मुलांना वाचून दाखवणारा माणूस, असा एक गैरसमज आपल्यात आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांनी ते कार्य पुढे आयुष्यभर चालवले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात असली तरी त्या वेळी ती आपल्याच जिल्ह्यात होती. परदेशी बनावटीची महाग शैक्षणिक साधने आदिवासी पाड्यावर कोठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. जवळ जे आहे त्यातून शिक्षकाने स्वतः साधन घडवायचे, हा आपल्या मातीतील वारसा आहे. आज ज्याला आपण संकेतस्थळ किंवा ब्लॉग म्हणतो, त्याकडे मी याच वारशाचा पुढचा टप्पा म्हणून पाहतो.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द सोपे करून सांगतो. संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरील एखाद्या संस्थेची पेढी. ब्लॉग, ज्याला मराठीत कोणी ‘अनुदिनी’ असेही म्हणतात, ही एका माणसाची उघडी ठेवलेली वही. त्यात तो आज एक पान लिहितो, आठ दिवसांनी दुसरे. ते पान कोणीही, कोठूनही वाचू शकतो, आणि लिहिणाऱ्याला त्यासाठी पैसा लागत नाही. पूर्वी गुरुजी पाठाचे टाचण वहीत काढत. साहेबांची तपासणी झाली की वही कपाटात जाई, आणि गुरुजी निवृत्त झाले की वही रद्दीत. तीस वर्षांचा अनुभव त्या कागदांबरोबर किलोच्या भावाने विकला जाई. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यासारखे नुकसान नाही.

हे बदलायला वेळ लागला. प्रारंभी मराठीचे टंक निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे होते. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की चौकोन आणि अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड ही सर्वमान्य पद्धत रुळली तेव्हा ही अडचण दूर झाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले होते. त्याच्या अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक वर्ग निघाले आणि जिल्हा परिषदेचे शिक्षकही तेथे जाऊन बसू लागले. पुढे स्मार्टफोन आले आणि शिक्षकांचे मराठी ब्लॉग पावसाळ्यातील अळंब्यांसारखे उगवले. कोणी सराव प्रश्नपत्रिका ठेवल्या, कोणी कविता चाली लावून ध्वनिमुद्रित केल्या, कोणी गणिताच्या युक्त्या.

आपल्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या लहानशा पाड्याचे नाव याच काळात महाराष्ट्रभर गेले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. संदीप गुंड यांनी प्रथम स्वतःचा लॅपटॉप वर्गात आणला. पडद्यावर चित्र हलते, पाठातील नदी वाहताना दिसते, म्हटल्यावर मुलांचे शाळेत रमणे वाढले. पाड्यावरचे लोक काही धनाढ्य नाहीत, तरीही त्यांनी वर्गणी काढली. विजेचा भरवसा नव्हता म्हणून सौरऊर्जेचा आधार घेतला. मुलांच्या हाती टॅब्लेट आले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक ही शाळा पाहायला येऊ लागले आणि गुंड गुरुजींना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. यात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी शिक्षक शिकला, मग पाडा त्याच्या मागे उभा राहिला, आणि यंत्रे त्यानंतर आली. आपण दानशूर मंडळी बहुधा उलट क्रमाने जातो. आधी यंत्र देतो, त्याच्यावर नाव रंगवतो, छायाचित्र काढतो. शिकण्याचे नंतर कोणी पाहत नाही.

शिकणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या दुकानात येणारे एक गुरुजी आहेत; त्यांचे नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. प्रारंभी ते इतरांच्या ब्लॉगवरील स्वाध्याय उतरवून घेत आणि फळ्यावर लिहीत. मुलांना ते फारसे लागू पडत नसत, कारण ते शहरातल्या मुलांसाठी केलेले होते. त्यात लिफ्ट होती, मॉल होता, पिझ्झाचे आठ तुकडे होते. एके दिवशी त्यांनी माझ्याकडून कापडाची उरलेली तुकडी मागितली. पाव मीटर, अर्धा मीटर, पाऊण मीटर अशा पट्ट्या कापून नेल्या आणि अपूर्णांक शिकवला. बाजारात आईबरोबर येणाऱ्या मुलांना पाऊण मीटर पोलक्याचे कापड ठाऊकच असते. दोन पाव जोडले की अर्धा होतो, हे त्यांनी हाताने जुळवून पाहिले. गुरुजींनी त्याची छायाचित्रे काढून चार ओळी लिहिल्या आणि आपल्या ब्लॉगवर ठेवल्या. काही आठवड्यांनी दूरच्या जिल्ह्यातील एका बाईंनी त्यांना कळवले की त्यांनी हाच पाठ बांबूच्या कामट्या घेऊन केला. उतरवून घेणारा शिक्षक या दिवशी देणारा झाला. माझ्या मते संगणक शिकणे पूर्ण होते ते या ठिकाणी.

आपल्या परिसराबद्दल तर आपल्या शिक्षकांनीच लिहिले पाहिजे. भातसा, तानसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे मुलाने शिकायचे कोणत्या पानावर? मुरबाडमधून वर चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत काय काय दान दिले त्याचा त्यात अंकांसह हिशेब आहे, आणि भारतातील अंकलेखनाच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून जकात घेण्यासाठी तो असल्याचे परंपरा सांगते. मुरबाडच्या मुलाला गणित, इतिहास आणि व्यापार एकाच सहलीत शिकवता येतो. असे पान पुण्या-मुंबईचा कोणी तज्ज्ञ आपल्यासाठी लिहील, याची वाट का पाहायची?

अर्थात, इंटरनेटवरील सारेच सोने नसते. ठसा पाहून कापड घेणारा फसतो. जाणता गिऱ्हाईक ते चुरगळून पाहतो, उजेडात धरतो, कडेचा दोरा ओढतो. तीच सवय येथे हवी. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणी तो जुळतो का, हे पाहावे. साधे उदाहरण घ्या. जुन्या पानांवर ठाणे जिल्ह्याचे पंधरा तालुके आजही सापडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, आठ तालुके तिकडे गेले व सात आपल्याकडे राहिले. मुलाने जुने पान उतरवले तर उत्तर चुकले, आणि दोष मात्र मुलाच्या माथी. दुसरी दक्षता मुलांच्या छायाचित्रांची. पालकांना विचारल्यावाचून कोणत्याही मुलाचा चेहरा जगापुढे ठेवू नये.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, पाठ, चित्रफिती ठेवण्याची कल्पना त्यांनी आपल्या लहानशा शाळेत राबवली, आणि पुढे ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. विद्या वाटणाऱ्याने धनही वाटले.

आता अडचणींकडे येतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळे शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा आपल्या भागातील खरे चित्र उघडे पडले. घरात फोन एक, तोही वडील कामावर घेऊन जाणार. पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून मुले टेकाडावर चढून बसत. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचा तर संपर्कच तुटला. शिवाय थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पडदा आहे, प्रोजेक्टर आहे आणि वीज नाही, अशी शाळा म्हणजे गिरणी उभी करून कापूस न आणण्यासारखे आहे.

वाणिज्य शाखेत आम्हांला घसारा शिकवतात. यंत्र विकत घेतले की त्याची किंमत दरवर्षी कमी धरायची आणि ते मोडीत निघेल तेव्हा नवे घेण्याची तजवीज ठेवायची. दुकानात आपण हा नियम पाळतो. दान करताना मात्र विसरतो. संगणकाचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे. आपण दिलेले किती संगणक आज प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेले आहेत, याची मोजदाद एकदा केली पाहिजे. म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती तीन गोष्टींची आहे.

पहिली, यापुढे शाळेला यंत्र देताना किमान पाच वर्षांच्या दुरुस्तीची, विजेची व इंटरनेटची रक्कम बाजूला काढूनच द्यावे. त्यामुळे दहाऐवजी सहाच शाळांना देता आले तरी चालेल. दुसरी, आपले सभागृह महिन्यातून एका रविवारी शिक्षकांसाठी विनामूल्य उघडावे. तेथे एका शिक्षकाने दुसऱ्याला शिकवावे. आपण चहापाणी करावे आणि मध्ये बोलू नये. तिसरी, आपल्या घरांतील जुने चोपडे, खतावण्या, छायाचित्रे शिक्षकांना पाहू द्यावीत. कोणत्या साली धोतरजोडीचा भाव काय होता, यातून वर्गात भागाकारही शिकता येतो आणि गावाचा इतिहासही.

हे आपल्याला नवे नाही. आपले पूर्वज शास्त्रदान करीत, ग्रंथांच्या प्रती लिहवून निरनिराळ्या गावच्या ज्ञानभांडारांत ठेवीत. एक प्रत जळाली वा वाळवीने खाल्ली तरी दुसरी उरे, आणि ज्ञान वाचे. शिक्षकाच्या वहीची प्रत आज क्षणात हजार ठिकाणी होते. लिहवून घेण्याचा खर्च उरला नाही. लिहिणाऱ्याला उसंत, वीज आणि मान देण्याचा तेवढा उरला आहे.

‘आता या वयात काय शिकायचे?’ असे काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात. त्यांनी मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाकडे पाहावे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिलादिनी, शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाठबळ दिले. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन बाराखडी गिरवू लागल्या. अंगठा देणारे हात सही करू लागले. आजीने पाटी धरली, तर पन्नाशीच्या गुरुजींना कळफलक अवघड का वाटावा?

कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, याची चर्चा २०२२ पासून राज्यात सुरू झाली. आपल्या दोन तालुक्यांतील पाड्यांवर अशा शाळा पुष्कळ आहेत, आणि आपली स्वतःची मुले-नातवंडे बहुधा त्यांत शिकत नाहीत. म्हणूनच त्या शाळांबद्दल आपण बेफिकीर राहिलो, तर आपल्याला त्याची झळ उद्या लागणार नाही. ज्याला लागेल त्याला या व्यासपीठावर बोलायला कोणी बोलावणार नाही. पाड्यावरच्या त्या एका खोलीत एखादे गुरुजी रात्री उशिरा मोबाइलवर अक्षर अक्षर जुळवत उद्याचा पाठ लिहीत असतात. आज आपण त्यांना शाल आणि श्रीफळ दिले. त्यांच्या शाळेचे वीजबिल कोण भरते, हेही आजच विचारून घेऊ या.