घरच्या चित्रगृहाचें मूक यंत्र

उरणच्या दक्षिणेस, द्रोणागिरीच्या पायथ्याशीं आणि खाडीपलीकडच्या रेवसच्या समोर, करंजा हें कोळी-आगरी वस्तीचें गांव आहे. उरणचा हा सारा मुलूख पूर्वीं पनवेल तालुक्यांत मोडत असे. येथील पुष्कळ घरांचा दिनक्रम घड्याळापेक्षां भरती-ओहोटीवर चालतो. होडी पहाटें तीनला सुटावयाची असली तर घरांतला कर्ता पुरुष रात्रीं आठ वाजतांच अंथरुणाला पाठ टेंकतो. त्याच वेळीं शेजारच्या खोलींत कोणाचा तरी परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो, आणि आजीला जुना संतपट पाहावयाचा असतो. मुंबईच्या मोठ्या सदनिकेंत चित्रपटासाठीं निराळी खोली राखतां येईल. दोन खोल्यांच्या घरांत ती चैन नाहीं. म्हणून घरच्या मोठ्या पडद्याला जोडावयाचा संगणक आणण्याचें ठरलें कीं अशा घरांत पहिला प्रश्न चित्र किती देखणें दिसेल हा नसतो. यंत्र किती आवाज करील, हा असतो. दुसरा प्रश्न अर्थात् पैशाचा.

यावर कोणी म्हणेल कीं, चित्रपटालाच आवाज आहे. मग यंत्राच्या कुजबुजीचा एवढा बाऊ कशाला? पण चित्रपटाचा आवाज लहान करतां येतो. हेडफोन लावून तो एकट्याच्या कानांत कोंडतांहि येतो. यंत्रांतल्या पंख्याची घरघर मात्र कोणाच्याहि कानांत कोंडतां येत नाहीं. ती सगळ्या घराला पुरते. शिवाय निजलेल्यांच्या सोयीसाठीं आवाज लहान ठेवला कीं पात्रांचें हळू बोलणें या घरघरींत बुडतें. मग आवाज वाढवावा लागतो आणि निजलेला जागा होतो. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ सालीं निघाला व १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत मुळांतच थोडी खरखर आहे; तींत यंत्राची खरखर मिसळली तर अभंग संपल्यावरची शांतता ऐकूंच येत नाहीं, आणि आजीला हवी असते ती नेमकी तीच.

हा आवाज येतो कोठून, हें एकदां कळलें म्हणजे पैसा कोठें घालावा व कोठें घालूं नये हेंहि कळतें. संगणकाच्या चिपेला स्वतःचा कंठ नाहीं. ती जितकी वीज खाते तितकी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकते. शंभर वॅट खाणारा संगणक म्हणजे शंभर वॅटची शेगडीच. ही उष्णता काढून नेण्यासाठीं पंखा लागतो आणि आवाज त्या पंख्याचा. पंख्याचें गणित मोठें विलक्षण आहे. त्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. पण आवाजाची शक्ति वेगाच्या सुमारें पांचव्या घाताप्रमाणें उतरत असल्यामुळें ती बत्तीस पटींनीं घटते. डेसिबलच्या भाषेंत ही घट पंधरांची, आणि दहा डेसिबल उतरले कीं माणसाच्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणून हातभर रुंद पंखा सावकाश फिरला तर तो असल्याचेंहि कळत नाहीं, आणि काड्यापेटीएवढा पंखा तेवढाच वारा देण्यासाठीं जीव तोडून किंचाळतो.

हें वाचून हौशी माणूस मोठमोठे महागडे पंखे आणि तांब्याचे शीतक विकत घेण्याच्या नादीं लागतो. तो मार्ग चुकीचा नाहीं. पण तो खर्चाचा आहे आणि रोगापेक्षां लक्षणावर उपचार करणारा आहे. मुळांत उष्णताच कमी निर्माण केली तर ती काढण्याचा प्रश्न आपोआप लहान होतो. आणि कमी वीज खाणारी चिप बहुधा स्वस्तहि असते.

मग अशा दुबळ्या चिपेला चित्रपट झेपेल काय? येथें बहुतेकांचा गैरसमज होतो. चित्रपट साठविलेला असतो तो घट्ट दाबून, घडी घालून. ती घडी उलगडण्याचें काम संगणकाच्या सर्वसामान्य प्रोसेसरवर टाकलें तर तो घामाघूम होतो. पण गेल्या कांहीं वर्षांच्या चिपांत याच एका कामासाठीं कोरलेला निराळा विभाग असतो. पापलेट साफ करावयास विळीच हवी. त्यासाठीं कोणी सुताराची करवत मागत नाहीं. हा विभाग कोणकोणत्या घड्या उलगडूं शकतो, एवढेंच खरेदीच्या वेळीं पाहावयाचें. इंटेलच्या २०१५ सालच्या सहाव्या पिढीपासून एचईव्हीसी ही पद्धति साध्या आठ-बिटी रूपांत उलगडते; सातव्या पिढीपासून तिचें दहा-बिटी रूपहि, जें आजच्या फोर-के चित्रांना लागतें; आणि एव्हीवन ही नवी पद्धति अकराव्या पिढीपासून. जुन्या मराठी चित्रपटांपुरतें बोलावयाचें तर सहावी पिढीसुद्धां पुरून उरते. त्यांना फोर-के लागत नाहीं.

या विचारानें निघालेला गृहस्थ मोऱ्याहून लाँचनें भाऊच्या धक्क्यास उतरतो, किंवा जानेवारी २०२४ मध्यें उरणपर्यंत आलेल्या आगगाडीनें जातो, आणि शेवटीं लॅमिंग्टन रोडवर पोहोंचतो. तेथें कार्यालयांतून काढून टाकलेले लहान संगणक मिळतात: लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. जाड शब्दकोशाएवढी पेटी. स्वस्थ असतां सुमारें दहा वॅट खाणारी, आणि चित्रपट चालू असतां त्याहून फार नव्हे. नव्या यंत्राच्या मानानें त्या पुष्कळच स्वस्त पडतात. घेतांना दुकानांतच दहा मिनिटें चित्रपट लावून प्रोसेसरवर किती भार पडतो तें पाहावें. तो दहा-वीस टक्क्यांच्या आंत राहिला तर उलगडण्याचें काम योग्य विभागाकडे आहे असें समजावें. पेटीला कान लावून ऐकावें, आणि जुन्या कंपनीनें घातलेला बायोसचा परवलीचा शब्द अजून लागू आहे काय तें विचारावें, नाहीं तर घरीं येऊन यंत्र कुलूपबंद निघतें. रॅम ४ जीबी असली तरी चालते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हां येथें उगाच हात सैल सोडण्यांत अर्थ नाहीं. घरीं आणल्यावर चिप आणि शीतक यांमधला वाळून गेलेला लेप पुसून नवा लावला, आणि बायोसमधील टर्बो बंद केला, तर पुष्कळदां पंख्याचा सूर तेवढ्यानेंच खालीं येतो.

पण हा सल्ला दादरला किंवा पुण्याला जसा लागू पडतो तसाच करंजास लागू पडत नाहीं. त्याचें कारण मीठ.

उरणच्या मिठागरांवर काम केलेल्या माणसाला हें सांगावें लागत नाहीं कीं पावसाळा जवळ आला म्हणजे मिठाच्या राशी झांकाव्या लागतात. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या खालीं असेपर्यंत मिठाचा कण कोरडा आणि निरुपद्रवी राहतो. ती त्याच्या वर गेली कीं तो हवेंतलें पाणी ओढून घेतो आणि त्याचें खारट द्रावण बनतें. खारट द्रावणांतून वीज वाहते व तांबें गंजतें. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत असे सूक्ष्म कण असतातच. आणि पंखा म्हणजे ते कण निवडून आंत खेंचणारें यंत्र. वर्षभर पंख्यानें ओढलेलें मीठ चिपेच्या आजूबाजूस कोरडें पडून राहतें, आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर ओलें होतें. जून-जुलैंत मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, आणि घरांतलीं सगळीं माणसें संध्याकाळीं पडद्यासमोर बसण्यास मोकळीं असतात. नेमका तेव्हांच संगणक दगा देतो.

म्हणून वाऱ्याच्या तोंडावर राहणाऱ्यानें बिनपंख्याचें यंत्र घ्यावें हें बरें. ॲल्युमिनियमच्या ज्या पेटीचें कवचच शीतक असतें अशा पेटींत बसविलेला रास्पबेरी पाय ४ हा त्यांतला सर्वांत साधा प्रकार. २०१९ सालचें हें कार्ड एच-२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही पद्धति आपल्या खास विभागांतून उलगडतें. मात्र एव्हीवन त्याला येत नाहीं. गंमत अशी कीं २०२३ सालीं आलेल्या पाय ५ मधून एच-२६४ चा तो खास विभाग काढून टाकण्यांत आला. तें काम त्याचा बलवान प्रोसेसर उचलतो खरा, पण मग उष्णता वाढते. नवें तें अधिक शांत असतेंच असें नाहीं. ज्याला थोडें अधिक बळ हवें त्यानें इंटेलच्या एन-१०० या सहा वॅटच्या चिपेची बिनपंख्याची पेटी पाहावी. तिला एव्हीवनहि उलगडतें. कार्यालयीन जुन्या पेटीपेक्षां ती महाग पडेल, पण दोन पावसाळे टिकलेलें यंत्र एका पावसाळ्यांत मेलेल्या यंत्राहून स्वस्तच म्हणावयाचें.

बिनपंख्याच्या पेटीलाहि दमट हवा लागतेच. तिच्यावरचा उपाय विचित्र वाटेल असा आहे: पावसाळ्यांत यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवूं नये. बाहेर हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असतां पेटीच्या आंत ती केवळ दहा अंशांनीं तापली तर तेथील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ कोरडेंच राहतें. दहा वॅटचें यंत्र चोवीस तास चालूं ठेवलें तर महिन्याला सुमारें सात युनिट वीज जाते. हा खर्च कोणी उधळपट्टी म्हणेल. पण तो विम्याचा हप्ता आहे. विजा कडाडूं लागल्या मात्र कीं प्लग सरळ उपटून ठेवावा आणि अँटेनाची किंवा केबलची तारहि सोडवावी.

आतां एक रास्त आक्षेप. करंजाच्या घरांत वर्षाचे नऊ-दहा महिने छताचा पंखा फिरत असतो. त्याच्या आवाजांत संगणकाची कुजबुज कोणाला ऐकूं येणार? हें पुष्कळ अंशीं खरें आहे, आणि खर्च आंवरण्यास उपयोगाचें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें निजण्याच्या खोलींतील सतत आवाजासाठीं १९९९ सालीं ३० डेसिबलची मर्यादा सुचविली. छताचा पंखा एकटाच ती ओलांडूं शकतो. मग वीस डेसिबलच्या संगणकासाठीं हजारों रुपये टाकणें हा वेडेपणाच. परंतु छताच्या पंख्याचा आवाज जाड आणि एकसुरी असतो, त्याला कान सरावतो. लहान पंख्याचा सूर बारीक आणि उंच, आणि मनुष्याचा कान दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यांत सर्वांत तीक्ष्ण. शिवाय तो सूर चित्राबरोबर चढतो-उतरतो. एकसारखा आवाज झोंप मोडीत नाहीं, बदलणारा मोडतो. तेव्हां लक्ष द्यावयाचें तें आवाजाच्या मोजमापापेक्षां त्याच्या चढ-उतारावर. आणि जेथें पंखाच नाहीं तेथें चढ-उतारहि नाहीं.

यंत्रावर चालवावयाचें साहित्य फुकट मिळतें. कोडी हा कार्यक्रम २००३ च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठीं सुरू झाला आणि २०१४ सालीं त्याला हें नांव मिळालें. तो एकटाच चालविणारी लिब्रेएलेक ही हलकी प्रणाली २०१६ पासून आहे. पायवर ती घातली तर दूरदर्शन-संचाचाच रिमोट एचडीएमआयच्या तारेवरून कोडीलाहि चालतो, आणि आजीला दुसरें खेळणें शिकावें लागत नाहीं. इंटेलच्या बहुतेक पेट्यांत ही सोय नसते. तेथें मोबाइल रिमोटचें काम करतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे: ज्या घरांत केवळ वर्गणीच्या वाहिन्याच पाहावयाच्या असतील त्यांनीं यांतलें कांहींच करूं नये. अशा कांहीं सेवा लिनक्सवर पूर्ण स्पष्ट चित्र देत नाहींत; त्यांच्यासाठीं संचाला खोंचावयाची छोटी स्टिक अधिक स्वस्त आणि तितकीच मुकी असते. संगणक हवा तो स्वतःचा संग्रह असणाऱ्यास: लग्नाचीं चित्रमुद्रणें, हळदीचीं गाणीं, आणि साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत संपलेले जुने बोलपट.

संग्रह ठेवावा एसएसडीवर. सेकंदाला आठ मेगाबिट या दरानें दोन तासांचा चित्रपट सुमारें सात जीबी होतो, म्हणजे २५६ जीबींत तीस-पस्तीस चित्रपट मावतात. यापेक्षां अधिक हवे असल्यास फिरती हार्ड डिस्क येते. ती स्वतः फारसा आवाज करीत नाहीं, पण लांकडी कपाटावर ठेवली कीं कपाट तबल्यासारखें घुमूं लागतें. खालीं मऊ फोमची घडी घातली तर तें थांबतें.

राहतां राहिली जागा. बिनपंख्याच्या पेटीला वर वीतभर मोकळी हवा हवी, आणि तिचे पंखे नसलेले, खांचा पाडलेले अंग उभें राहील असें ठेवलें तर गरम हवा आपली आपण वर निघून जाते. बंद कपाटांत तिला कोंडूं नये. आणि घरांत नवी वस्तु आली कीं तिच्यावर क्रोशाचा विणलेला रुमाल घालण्याची जी पद्धत आहे, ती रेडिओपासून दूरदर्शनपर्यंत सर्वांनीं मुकाट्यानें सोसली. या पेटीपुरती तेवढी आजीची समजूत घालावी लागेल.